एका दिवसाचा खाडा

सूर्यभान वस्ताद आखाड्यातल्या कुठल्याच पोराला तब्येत विचारत नसत. पहेलवानाच्या जिभेचा भरोसा नाही, असं त्यांचं म्हणणं. पाय मोडला तरी म्हणेल, मुंगी चावली. म्हणून ते विचारायचे घरच्या बाईला. ज्या घरचं पोर त्यांच्याकडे मेहनत करी, त्या घराच्या दारात सकाळी ऊन चढल्यावर येऊन उभं राहायचं, अन् चुलीपाशी जी कोणी असेल, माय म्हणा, भावजय म्हणा, बहीण म्हणा, तिला एकच प्रश्न करायचा, "पोट्ट्यानं खाल्लं काय?" खाल्लं म्हटलं की दुसऱ्या दिवशी पोराचे जोर-बैठका चालू. ताटात टाकलं म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्याला आखाड्याची पायरी बंद, मग तो कितीही पाया पडो. "पोट नाई म्हनते तवा आंगही नाई म्हनते, एकटं पोट्टं तेवढं हो म्हनते," असं ते सांगायचे. अमरावतीत तेव्हा गल्लोगल्ली आखाडे होते, पण ही रीत एकट्या आमच्या वस्तादांची. आमच्या घरी चुलीपाशी मी असायची. तेरा वर्षांची होते.

आमची वाडी बडनेऱ्याच्या रस्त्याला होती. वाडी म्हणजे विहिरीखालची थोडीशी काळी जमीन, तिच्यात वांगी, मेथी, गवार, सांबार, अन् कडेनं झेंडूचा एक पट्टा. सांबाराला पुण्याकडचे लोक कोथिंबीर म्हणतात हे मला फार पुढे कळलं, अन् कळलं तेव्हा हसूच आलं. आम्ही राहायचो वाडीतच, कुडाच्या दोन खोल्यांत. पहाट झाली की मोटेचं चाक कुरकुरू लागायचं, अन् पाठोपाठ बाबांचा आवाज यायचा. बाबा बैलांशी जेवढं बोलायचे तेवढं आमच्याशी उभ्या जन्मात बोलले नसतील. माय तोवर सांबाराच्या जुड्या बांधून, टोपली डोक्यावर घेऊन बाजाराच्या वाटेला लागलेली असायची. चौथी पास झाल्यावर माझी शाळा सुटली होती, त्यामुळे भाकरी, वरण, चून म्हणजे पिठलं, सगळं माझ्या गळ्यात. चुलीपुढं बसून मी शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणायची अन् बाबा मोटेच्या धावेवरून ओरडायचे, "जने, बैल बिचकतीन वो!"

किसन माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आखाड्यातून यायचा तेव्हा कानात, भुवयांत, नखांत लाल माती. दारातूनच आवाज द्यायचा, "जने, जल्दी वाढ, नाईतर तुलेच खातो." अन् खायचा तरी किती! चार भाकरी तर सहज, त्यांच्यावर वरणाची वाटी तोंडाला लावून प्यायचा. मग त्याचा खुराक. बदाम, खसखस अन् वेलची पाट्यावर गंधासारखी वाटायची, ती गोळी शेरभर दुधात कालवायची अन् गडवा त्याच्या हातात द्यायचा. वाटायचं काम माझं. मनगटं दुखून यायची. पण त्यातला थेंब मला मिळत नसे. माय मोजून बदाम द्यायची, अन् मी पाट्यावरचं बोट चाटलं तरी डोळे वटारायची, "पोरीच्या जातीले कायले पायजे खुराक? तुले का दंगलीत उतराचं हाय?" मला फार राग यायचा. अजून येतो, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी अकोल्याला कुस्त्यांची मोठी दंगल ठरली होती. किसनची जोड लागली होती तिकडच्या एका नावाजलेल्या पोराशी. त्या पोराच्या वस्तादानं तरुणपणी आमच्या सूर्यभान वस्तादांना चारी मुंड्या चीत केलं होतं, हे सगळ्या अमरावतीला ठाऊक होतं. वस्ताद त्याबद्दल बोलत नसत. पण जोड ठरली त्या दिवशी ते पेढे घेऊन आमच्या वाडीत आले, तेव्हा माय म्हणाली, या माणसाला हसता येते हे मी आजच पाहिलं. आता वस्तादांचा दुसरा एक नियम होता. दंगलीआधीचे एकवीस दिवस ज्याचा एकही खाडा पडणार नाही, त्यालाच ते उतरवत. खाडा म्हणजे मेहनतीचा चुकलेला दिवस. किसनचा एक जरी खाडा पडला असता तर जोड हरीला गेली असती. हरी म्हणजे किसनच्या खालोखालचा पोरगा, अन् तो अगदी टपूनच बसला होता. खाल्लं नाही तर आखाडा बंद, अन् आखाडा चुकला तर अकोला बंद. दोन्ही नियम त्यांचेच. ते एकमेकांना आडवे येतील असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चौदा दिवस सुरळीत गेले. पंधराव्या दिवशी किसन आला तो हाक न मारताच आला. पाटावर बसला, भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला अन् कितीतरी वेळ नुसता घोळवत राहिला. "काऊन रे भाऊ?" मी विचारलं. गळ्याला हात लावून म्हणाला, "गयाले काटे आल्यासारखं वाटते. गियता येत नाई." मी कपाळाला हात लावला. कढत होतं. मी म्हटलं, "मायले सांगतो, काढा करीन." तसा त्यानं माझा हात घट्ट धरला. "जने, तुले माही शपथ हाय. कोनालेच सांगू नको. मायले सांगतलं त माय वस्तादले सांगीन. सहा-सात दिवसाचा त सवाल हाय. अकोल्याहून येतो अन् मंग आठ दिवस बाजेवर पडून राह्यतो, तू मले वारा घाल." मग भाकरी बैलांपुढं टाकायला माझ्याकडे दिली, अन् दुधाचा गडवा माझ्यापुढं सरकवला. "हे तू पे. सांडलं त माय पाहीन."

मी ते प्यायले. हे मी आजवर कुठं लिहिलं नाही, पण हे प्रकरण लिहायचं ते एवढ्यासाठीच. शपथ घातली म्हणून गप्प राहिले, हे खरं. भावाचा जीव कुस्तीत अडकलेला होता अन् तो मोडवत नव्हता, हेही खरं. पण वर्षभर वाटून वाटून ज्याचा नुसता वास घेतला होता, ते दूध पहिल्यांदा माझ्या घशाखाली उतरलं अन् मला ते गोड लागलं. दुसऱ्या दिवशी बदाम वाटताना मला ठाऊक होतं की हे मलाच मिळणार आहे. मी जास्तच बारीक वाटले. किसन आजारी होता अन् मी त्याचं दूध पीत होते. हल्ली माझी सून रोज सकाळी वाटीत भिजवलेले बदाम आणून ठेवते. म्हणते, आई, खा, आठवण चांगली राहते. मी तिला म्हणते, बाई, आठवण कमी व्हायचं काही असेल तर ते दे.

वस्ताद रोज यायचे. रस्त्याच्या कडेला वहाणा काढून दारात उभे राहायचे, "खाल्लं काय?" मी म्हणायची, "खाल्लं." पहिल्या दिवशी माझी जीभ अडखळली. तिसऱ्या दिवशी तर मी न विचारताच म्हणाले, "चार भाकरी खाल्ल्या वस्ताद, अन् दूध सारं पेला." ते मान हलवून जायचे. त्याच आठवड्यात आमच्या ढवळ्या बैलानं सरकीची ढेप खाल्ली नाही. नुसतं हुंगून तोंड फिरवलं. झालं, बाबांनी त्याच्या मानेवरचं जू उतरवलं, पाठीवरून हात फिरवला अन् त्याला चिंचेखाली बांधून टाकला. एका बैलावर मोट चालत नाही, म्हणून तीन दिवस बाबा अन् माय हातानं पाणी ओढून वाफे भिजवत राहिले. "मुकं जनावर हाय, थे का बोलून सांगनार हाय?" बाबा म्हणायचे. मी किसनच्या टाकलेल्या भाकरी पदराखाली घेऊन त्यांच्या समोरून जायची, अन् दुसऱ्या बैलाला घालायची. ढवळ्याला तीन दिवस मिळाले. बोलता येणाऱ्याला एक मिळाला नाही.

पाचव्या दिवशी वस्ताद नेहमीपेक्षा लवकर आले. वहाणा काढल्या नाहीत. दारात आले नाहीत, मेथीच्या वाफ्यापाशीच थांबले. मला वाटलं, आता हे आत येतील, ताट पाहतील, माझं तोंड पाहतील. त्यांनी तिथूनच विचारलं, "खाल्लं ना वो जने?" मी "हो" म्हणेपर्यंत त्यांनी पाठही फिरवली होती. मी बरी सुटले असं वाटून मी खाली बसले, अन् गडव्यातलं उरलेलं दूध पिऊन टाकलं. किसन आतल्या खोलीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचा श्वास मला बाहेर ऐकू येत होता. संध्याकाळी माय आली तेव्हा तो उठून बसला, तिच्याशी हसला, अन् म्हणाला, जराही थकलो नाही, नुसता बैल होऊन गेलो. माय माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोट्टीही चांगली भरून राह्यली आंगानं. वाडीचं पानी मानवलं दिसते यंदा."

सहाव्या दिवशी सकाळी हरी अन् दुसरी तीन पोरं त्याला आखाड्यातल्या फळीवर घालून घेऊन आली. बैठका मारता मारता तो खाली बसला, सगळ्यांना वाटलं दम घेतो आहे, तर तो कलंडला. ओठ निळे पडले होते. छाती अशी उडत होती की लंगोटाची गाठसुद्धा हलताना दिसत होती. बाबा गाडी जुंपून त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, माय बाजारातूनच टोपली टाकून धावत आली, अन् मी गाडीमागं चालत गेले. डॉक्टर पुण्याकडचे होते. त्यांनी गळा पाहिला, नळी लावून छाती ऐकली अन् चिडून म्हणाले, "घशाच्या तापानं याच्या हृदयाला सूज आली आहे. याला आठवडाभर अंथरुणातून उठू द्यायला नको होतं. एवढा ताप असताना याला व्यायाम कुणी करू दिला?" माय म्हणाली, "ताप? ताप कोठं होता साहेब? चार-चार भाकरी खात होता. इचारा या पोरीले, हेच वाढे त्याले." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मायच्या पदरात तोंड घातलं. त्यांना वाटलं, लहान पोर आहे, भ्यायली आहे.

तो तीन दिवस होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच जवळ असताना त्यानं डोळे उघडले अन् विचारलं, "जने, खाडा धरतीन काय गं हे?" मी म्हटलं, नाही, वस्तादांनी सांगितलं आहे हे दिवस धरायचे नाहीत. मी ते माझ्या मनानंच सांगितलं. त्याला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात भर दुपारी, माय त्याचे पाय चोळत असताना, तो गेला. मायला कळलंच नाही, ती चोळतच राहिली. बाबांनी तिचे हात धरले तेव्हा ती त्यांच्यावर खेकसली, "सोडा, गार पडून राह्यले पाय त्याचे." बाप रे, तो आवाज. सत्तर वर्षं होत आली, पण कुणी माझे पाय दाबायला घेतले की मी अजून ओढून घेते. घरच्यांना वाटतं, म्हातारी गुदगुल्यांना भिते.

अकोल्याला कुणीच गेलं नाही. वस्तादांनी हरीलाही उतरू दिलं नाही. तेराव्यानंतर त्यांनी स्वतःच्या हातानं आखाड्यातला कुस्तीच्या मातीचा हौद बुजवला, मारुतीला तेल वाहिलं, अन् अमरावती सोडून अकोल्याला बहिणीकडे निघून गेले. लोक म्हणायचे, वस्तादानं हे फार मनाला लावून घेतलं, त्याचा काय दोष, घरच्यांनीच खातो-पितो असं सांगितलं होतं. बाबाही हेच म्हणायचे. एवढा मोठा माणूस माझ्या खोट्यापायी देशोधडीला लागला, ही गोष्ट मला रोज कुरतडायची. किसनला सांगायला तो नव्हता, मायला सांगायची हिंमत नव्हती. उरले होते ते वस्ताद.

देवाची करणी म्हणा, सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं ते अकोल्यालाच. सासरची फुलांची वाडी होती अन् मोर्णा नदीच्या पुलाजवळ हारांचं दुकान. माणसं भली होती. सासू तोंडानं फटकळ, पण तशी मीही काही कमी नव्हते. पोटात पहिलं बाळ होतं तेव्हा एकदा कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या फाटकाशी मी वस्तादांना पाहिलं. कापसाच्या गाड्या आत सोडायचं काम करीत होते. मिशीला, भुवयांना कापसाचा भुरा चिकटलेला. मान केवढी होती त्यांची, ती आता सदऱ्यात हरवली होती. दोनदा मी तशीच परत आले. तिसऱ्यांदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले अन् पाया पडले. त्यांनी लगेच ओळखलं. "किसनची जनी," ते म्हणाले, अन् बसायला पोतं झटकून दिलं.

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. "वस्ताद, मी खोटं बोलली होती," मी म्हटलं. "भाऊ खात नोता. पाच दिवस भाकरी बैलाले घातल्या अन् दूध मी पेली. तुमचा काही दोष नोता. तुमी आखाडा कायले बुजवला?" एका दमात सगळं बोलून गेले अन् रडायला लागले. फाटकाशी गाडीवाले उभे होते, त्यांचीही लाज वाटली नाही.

वस्तादांनी हातानं खूण करून गाड्या आत सोडल्या. मग म्हणाले, "मले मालूम होतं."

मी रडायची थांबले. "कोनं सांगतलं?"

"कोनं नाई. पाचव्या रोजी हौदात उतराच्या आंधी त्याच्या पाठीले माती लावली. तव्यासारखी पाठ तापली होती. चाईस वर्सं पोट्ट्यायच्या आंगावरून फिरला हा हात, याले कयनार नाई काय?" त्यांनी तो हात माझ्यापुढं धरला अन् लगेच खाली घेतला. "पन मले अकोला दिसून राह्यलं होतं जने. हाताचं ऐकाचं नोतं मले. म्हनून तुह्याकडे आलो. म्हटलं, पोट्टी खाल्लं म्हनीन त आपल्यावर काही नाई."

मला वहाणा न काढता वाफ्यापाशी थांबलेले ते आठवले. मी विचारलं, विचारायला नको होतं पण विचारलं, "अन् मी टाकलं म्हटलं असतं त?"

"त मले तुहा लय राग आला असता," ते म्हणाले. "पन बसवला असता त्याले घरी."

माझा नातू आता जिमला जातो. आठवड्यात एक दिवस जात नाही. "आजी, आज रेस्ट डे," असं म्हणून पलंगावर लोळतो, फोन बघतो, माझ्याकडून पोहे करून घेतो. त्याची आई म्हणते, आळशी झाला आहे. मी तिला रागावते. कुणालाच कळत नाही एवढ्या तेवढ्यावरून म्हातारी का चिडते. पहिला एकच दिवस लागत होता, पुढचे आपोआप मिळाले असते. आम्हा तिघांना ठाऊक होतं, करणाऱ्याला, करवणाऱ्याला अन् वाढणारीला, अन् तिघांतल्या एकालाही बस म्हणता आलं नाही.

निघताना वस्ताद म्हणाले, "तुह्या मायले सांगून दे. वस्तादले मालूम होतं म्हनून सांग, माह्यावर टाक. म्हाताऱ्या मानसाले दोन शिव्या देल्या त तिचाही जीव हलका होईन." मी हो म्हटलं, अन् मनाशी पक्कं ठरवलं. बाळंतपणाला माहेरी जायचं होतं, पण माझे पाय सुजले, म्हणून मायच अकोल्याला आली. सांगू, आज सांगू, उद्या सांगू, असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दुपारी मी उठलेच. माय अन् सासू अंगणात हार गुंफत बसल्या होत्या. मी दाराशी पोचले तेव्हा माय सासूला सांगत होती, "माहा किसन गेला, पन उपाशी नाई गेला. या पोरीनं शेवटल्या दिसापावतर त्याले पोटभर खाऊ घातलं. थेच एक मनाले समाधान हाय पाहा, नाईतर मी कवाचीच येडी झाली असती."

सासूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "हो काय वो जने?"

माय पण पाहत होती. तिच्या हातात सुई होती अन् मांडीवर अर्धा हार.

"हो," मी म्हटलं.